न लिहिलेला नियम

आजची गोष्ट एका फोटोची आहे. व्हिडिओत तो पडद्यावर दाखवला होता, पुस्तकात शब्दांवर भागवून घ्या. बास्केटबॉलचं मैदान आहे आणि सामना सुरू व्हायच्या आधी दोन संघांचे कर्णधार हात मिळवतायत. एक गोरा, एक काळा. बस, एवढंच. रोज जगात शेकडो मैदानांवर होणारी गोष्ट. पण त्या क्षणी कॅमेऱ्यांचे इतके दिवे लखलखले की त्यातला एक कर्णधार, जेरी हार्कनेस, चकित झाला. हे काहीतरी वेगळं चाललंय, नुसता सामना नाही, हे आपल्याला तेव्हा जाणवलं, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

तारीख 15 मार्च 1963. गाव ईस्ट लॅन्सिंग, राज्य मिशिगन. काळा कर्णधार शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाचा. गोरा कर्णधार जो डॅन गोल्ड, मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा. आणि या दुसऱ्या संघाला त्या मैदानापर्यंत पोचायला आपल्याच राज्यातून चोरासारखं निसटावं लागलं होतं.

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ, म्हणजे पुढचं नीट कळेल. अमेरिकेत कॉलेजांचा खेळ 'कॉन्फरन्स'मध्ये वाटलेला असतो. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांचे पश्चिम विभाग, दक्षिण विभाग असतात ना, त्यांचाच हा थोरला भाऊ म्हणा. फरक असा की तिथे एका कॉन्फरन्समधले संघ हिवाळाभर एकमेकांच्या गावी जाऊन खेळतात, आणि ही वैरं आजोबांकडून नातवाकडे वारसाहक्काने येतात. साउथईस्टर्न कॉन्फरन्स ही दक्षिणेकडच्या राज्यांची. 1932 साली स्थापन झालेली. 1962-63 च्या हंगामात तिच्यात 12 विद्यापीठं होती: केंटकी, अलाबामा, टेनेसी, जॉर्जिया, व्हँडरबिल्ट वगैरे. बारांपैकी एकाही संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

प्रत्येक संघाने कॉन्फरन्समध्ये 14 सामने खेळायचे. जो पहिला येईल तो राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. आज त्या स्पर्धेत 68 संघ असतात. 1963 साली फक्त 25 होते. एका कॉन्फरन्समधून एकच, तोही विजेता. म्हणजे हिवाळाभर घाम गाळायचा तो या एका आमंत्रणासाठी.

मिसिसिपी स्टेटला हे आमंत्रण मिळायचं, आणि ते नाकारायचे.

1959 साली त्यांनी 25 पैकी 24 सामने जिंकले. देशात तिसरा क्रमांक. बेली हॉवेल नावाचा त्यांचा खेळाडू पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये फार मोठा झाला. कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळालं आणि संघ घरी बसला. त्यांच्या जागी केंटकी गेलं. 1961 ला पुन्हा जिंकले, पुन्हा केंटकी गेलं. 1962 ला केंटकीबरोबर संयुक्त विजेते, आणि त्या हंगामात केंटकीला त्यांच्याच मैदानावर हरवलेलं. तरी गेलं केंटकीच. केंटकीचे प्रशिक्षक ॲडॉल्फ रप हे मोठं प्रस्थ होतं. पण स्वतः हरवलेल्या प्रतिस्पर्ध्याला आपल्या जागी जाताना रेडिओवर ऐकायचं, हे त्या पोरांना कसं वाटत असेल, याचा मी बऱ्याचदा विचार केलाय.

कारण एकच. राष्ट्रीय स्पर्धेत समोरच्या संघात काळे खेळाडू असण्याची शक्यता. मिसिसिपीतल्या गोऱ्या विद्यापीठांचे संघ काळ्या खेळाडूंविरुद्ध खेळणार नाहीत, असा नियम होता. मी 'नियम' म्हणतोय, पण जरा थांबा. हा कायदा कुठल्या पुस्तकात होता? कुठल्याच नाही. राज्याच्या विधिमंडळाने तो कधी मंजूर केलेला नव्हता. झालं होतं असं, की 1955 साली राज्यातल्या एका छोट्या ज्युनियर कॉलेजचा फुटबॉल संघ कॅलिफोर्नियात काळे खेळाडू असलेल्या संघाशी खेळून आला. राजकारणी खवळले. पुन्हा असं झालं तर सरकारी पैसा बंद होईल, असा इशारा विद्यापीठांना मिळाला. कागदावर काही नाही, पण सगळ्यांना पाठ. याला तिथे 'अलिखित कायदा' असंच नाव पडलं.

हा प्रकार आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बाळू पळवणकरांच्या फिरकीवर पुण्यातल्या हिंदू संघाने सामने जिंकले, पण चहा त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. हे कुठल्या क्रिकेटच्या नियमावलीत लिहिलं होतं? असो, तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

तर 1962-63. या हंगामात मिसिसिपी स्टेटच्या मुख्य खेळाडूंचं शेवटचं वर्ष होतं. जो डॅन गोल्ड, रेड स्ट्राउड, लीलँड मिचेल. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घेत नसत, त्यामुळे प्रत्येकाला तीनच हंगाम मिळायचे. या मुलांनी तीनही हंगामांत विजेतेपद मिळवलं. पहिली दोन वाया गेलेली. तिसरंही गेलं असतं तर कॉलेजची कारकीर्द संपली. प्रशिक्षक बेब मॅकार्थी यांनी विजेतेपद जवळपास हातात आल्यावर ही खंत जाहीरपणे बोलून दाखवली. विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढली.

आता वेळ बघा कसली होती. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी, 30 सप्टेंबर 1962 च्या रात्री, त्याच राज्यातल्या ऑक्सफर्ड गावी, मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल झाली होती. दोन माणसं मेली. एका विद्यार्थ्याला वर्गात बसवण्यासाठी केनेडींना सैन्य पाठवावं लागलं. राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट मेरेडिथच्या विरोधात स्वतः उभे राहिले होते. मिसिसिपी स्टेटचं गाव स्टार्कव्हिल हे ऑक्सफर्डपासून फार लांब नाही.

अशा हवेत डीन कोल्व्हार्ड यांनी निर्णय घेतला. हे मिसिसिपी स्टेटचे अध्यक्ष, आपल्या भाषेत कुलगुरू. मूळचे नॉर्थ कॅरोलिनाचे, शेतकी शिक्षणातले माणूस, 1960 साली इथे आलेले. चळवळीशी संबंध नाही, भाषणं ठोकणारे नाहीत. 2 मार्च 1963 ला त्यांनी जाहीर केलं की सक्षम अधिकाऱ्याने अडवलं नाही तर संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाईल. मला यातली शक्कल फार आवडते. ते 'नियम मोडतो' म्हणालेच नाहीत. अडवायचं असेल तर ज्याला अधिकार आहे त्याने पुढे येऊन अडवावं, एवढंच म्हणाले. न लिहिलेला नियम चालतो तो कुणी 'दाखवा बघू' म्हणत नाही तोपर्यंत. कोल्व्हार्डांनी सभ्य भाषेत तेच विचारलं.

दाखवायची पाळी आली ती राज्याच्या विद्यापीठांवरच्या नियामक मंडळावर. वर्तमानपत्रांत आगपाखड चाललेली. 9 मार्चला मंडळाची बैठक झाली आणि मतदान 8 विरुद्ध 3, संघाच्या जाण्याच्या बाजूने. गव्हर्नरांनी नापसंती दाखवली, पण त्यांच्या हातात काही राहिलं नाही. ज्या राज्यात पाच महिन्यांपूर्वी गोळ्या चालल्या तिथे या आठ जणांनी हात वर केला. बास्केटबॉलच्या वेडाचा यात किती वाटा आणि विवेकाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. माझा अंदाज, वेडाचा जास्त.

मग 13 मार्च. राज्याच्या सिनेटचा एक आमदार आणि एक माजी आमदार न्यायालयात गेले आणि मनाई हुकूम घेऊन आले. संघ बाहेर गेला तर राज्याच्या धोरणाचा भंग होतो, असं त्यांचं म्हणणं. बघा, शेवटी त्यांनाही 'धोरण' असाच शब्द वापरावा लागला, कारण बोट ठेवायला कलम नव्हतं. पण हुकूम तो हुकूम, हातात पडला की पाळावाच लागतो. हातात पडला तर.

इथून पुढे गोष्ट जवळजवळ चित्रपटासारखी होते. हुकूम घेऊन शेरीफचा माणूस त्या रात्री स्टार्कव्हिलला पोचला, तेव्हा ज्यांना तो बजावायचा ते गावातच नव्हते. कोल्व्हार्ड राज्याची हद्द ओलांडून अलाबामात बर्मिंगहॅमला गेलेले. मॅकार्थी आणि क्रीडा संचालक रातोरात मोटारीने टेनेसीत मेम्फिसला, तिथून विमानाने नॅशव्हिलला. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवलं. शेरीफ दबा धरून बसला असेल तर त्याला हेच सापडावेत. मुख्य खेळाडू वसतिगृहात थांबले. विमानतळावर कुणीच नाही असं कळल्यावर तेही निघाले, विमानात बसले, नॅशव्हिलला प्रशिक्षकाला उचललं आणि मिशिगन गाठलं. दरम्यान राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मनाई हुकुमाला स्थगितीही दिली. म्हणजे एवढी धावपळ नसती केली तरी चाललं असतं कदाचित. पण ते आधी कुणाला ठाऊक?

आता समोरचा संघ. लॉयोला हे शिकागोतलं जेझुइट पाद्र्यांचं विद्यापीठ. प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड. त्यांच्या पहिल्या पाचांत चार काळे: हार्कनेस, लेस हंटर, व्हिक राउज, रॉन मिलर. गोरा एकटा, जॉन इगन. त्या काळी उत्तरेतही काळे खेळाडू मोजून मैदानात उतरवायचा रिवाज होता. दोन ठीक, तीन जरा जास्त. तोही अलिखितच, बरं का. आयर्लंड चार उतरवत होते. हार्कनेसला कू क्लक्स क्लानची धमकीची पत्रं येत होती, थेट वसतिगृहाच्या पत्त्यावर. मिसिसिपीच्या मुलांच्या पलायनाची कथा सांगताना हा भाग बहुतेक जण विसरतात. निसटून गेलेल्यांनी मोठी जोखीम पत्करली, खरंच. पण ज्याच्या नावाने पत्रं येत होती तो दुसऱ्या बाजूला उभा होता.

सामना स्वच्छ झाला. लॉयोलाचा खेळ वेगवान. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत त्यांनी टेनेसी टेकला 111-42 असं चिरडलं होतं. त्यामुळे मॅकार्थींनी चेंडू हातात धरून, सावकाश खेळायचं ठरवलं. किती सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे अशी अट तेव्हा नव्हती. डाव सुरुवातीला जमला, 7-0 अशी आघाडी. मग लॉयोलाला सूर सापडला. मिसिसिपी स्टेटचा सगळ्यात भरवशाचा खेळाडू लीलँड मिचेल फाउल भरून बाहेर गेला आणि गाडी तिथेच अडली. 61-51, लॉयोला विजयी. शिवीगाळ नाही, धक्काबुक्की नाही. आठवडाभराने, 23 मार्चला, लुइव्हिलला अंतिम सामन्यात लॉयोलाने आधीच्या दोन वर्षांचा विजेता सिनसिनाटीला जादा वेळेत 60-58 हरवलं. शेवटच्या क्षणी राउजने परत आलेला चेंडू जाळीत ढकलला.

मिसिसिपीचा संघ घरी परतला तेव्हा आभाळ कोसळलं नव्हतं. लोकांनी स्वागतच केलं.

या गोष्टीला अमेरिकेत 'बदलाचा सामना' म्हणतात, त्या नावाचा माहितीपटही आहे. मला ते नाव थोडं घाईचं वाटतं. त्या मार्चमध्ये मिसिसिपी स्टेटमध्ये एकही काळा विद्यार्थी नव्हता, खेळाडू तर सोडाच. पहिला, रिचर्ड होम्स, 1965 ला आला. सामन्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 12 जून 1963 ला, त्याच राज्यात जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर गोळी घालून मारलं. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला काळा बास्केटबॉलपटू, व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस, 1967-68 च्या हंगामात मैदानात उतरला.

त्या वॉलेसची एक आठवण आहे, आणि ती मला या फोटोशेजारी ठेवावीशी वाटते. 1967 च्या सुरुवातीला तो आणि गॉडफ्री डिलार्ड हे दोन काळे खेळाडू व्हँडरबिल्टच्या पहिल्या वर्षाच्या संघातून सामन्याला स्टार्कव्हिलला गेले. हो, तेच गाव. प्रेक्षकांनी त्यांच्यावर इतक्या शिव्यांचा, धमक्यांचा भडिमार केला की मध्यंतरात खोलीत बसल्यावर दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरून ठेवले होते. या हातांचा फोटो कुणी काढलेला नाही.

मग 1963 ला काय झालं म्हणायचं? एक नियम गेला, तोही गोऱ्यांवरचा. गोऱ्या मुलांना काळ्यांशी खेळायची मुभा मिळाली. काळ्या मुलांना त्या विद्यापीठात शिरायला अजून वेळ होता. गोल्ड, स्ट्राउड, मिचेल यांना राष्ट्रीय स्पर्धा खेळायची होती, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती रास्त होती. त्यांना नायक करायची गरज नाही, आणि त्यांचं श्रेय काढून घ्यायचीही नाही.

गोल्ड आणि हार्कनेस यांची पुढे मैत्री झाली. 15 डिसेंबर 2012 ला त्या सामन्याच्या पन्नाशीनिमित्त दोन्ही विद्यापीठं शिकागोत पुन्हा खेळली, पण गोल्ड ते बघायला नव्हता. तो 2011 च्या एप्रिलमध्ये, केंटकीत, वारला. हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला. आत शिरल्यावर त्याला शवपेटीशेजारी एक फोटो ठेवलेला दिसला. तोच, दोघांनी हात मिळवल्याचा.