पोटाची चरबी आणि पक्षाघातानंतरचे पुनर्वसन

मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की पक्षाघात होतो. नांदेड-लातूरकडे त्याला लकवा म्हणतात. आतडी आणि यकृताभोवती साठणारी चरबी हे त्याच्या धोक्याचे एक ठळक कारण आहे. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात भारतासह २२ देशांतील रुग्ण होते. त्यातील दहा मुख्य कारणांत कमर-नितंब गुणोत्तराची गणना झाली.

वजनकाटा इथे फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काटक आणि पोट सुटलेले, अशी माणसे मराठवाड्यातही गावोगाव दिसतात. म्हणून भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर टेप लावावा.

ही चरबी सूज वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते. इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, साखर व रक्तदाब चढतो आणि पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो. उताणे झोपल्यावर पोटाचा भार श्वासपटलावर येतो. पक्षाघातानंतर झोपेत श्वास अडखळणे तसेही पुष्कळांत आढळते. त्यात भर पडली की झोप मोडते, दिवसा गुंगी राहते आणि व्यायामाची उमेद खचते.

पुनर्वसनाची सुरुवात धड सावरण्यापासून होते. कुशीवर वळणे, खाटेवर बसणे, उभे राहणे, या प्रत्येक पायरीला मोठे पोट आडवे येते. हा भार घरच्यांवरही पडतो. रुग्णाला उचलता-उचलता बायकोची किंवा सुनेची कंबर धरते. रुग्णाचे परावलंबन लांबले की मनही खचते. उपचाराच्या कागदावर या गोष्टींना फारशी जागा मिळत नाही, ही मोठी उणीव आहे.

जाड रुग्ण पक्षाघातातून अधिक तगतात, असे काही अभ्यासांत दिसले. पण त्यांत बहुधा कमर नव्हे, वजन मोजलेले होते, आणि त्या निष्कर्षावर वाद आहे. तरीही लगेच उपासाला लावणे घातकच. आधीच गिळायला त्रास होतो, त्यात उपास घडला की लुळ्या बाजूचे स्नायू झडतात आणि चरबी तशीच राहते. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मटकी, ताक आणि चालत असल्यास अंडे, असे प्रथिनांकडे झुकलेले जेवण हवे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. गिळताना ठसका लागत असल्यास आधी तपासणी करावी. लोणचे, पापड आणि मिठाचा ठेचा कमी करावा. तंबाखू पूर्ण सोडावी.

नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी सरकारी केंद्रे आहेत. पण किनवटसारख्या दूरच्या तालुक्यातून रोज फिजिओथेरपीसाठी ये-जा होत नाही. सुट्टी देतानाच घरच्यांना व्यायाम करून दाखवावेत आणि कमरेचे माप कागदावर लिहून द्यावे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर लगेच १०८ वर फोन करावा: गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.