२३ जून १९७२ : महिला कॉलेज टेनिसला कायद्याचे बळ

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ या कायद्यावर स्वाक्षरी केली. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेदाची मनाई झाली. मूळ कलमात खेळांचा उल्लेखही नव्हता. पण सर्वाधिक खळबळ उडाली ती मैदानांवरच. मुलींच्या संघांना प्रशिक्षक, प्रवासखर्च आणि शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

टेनिसमध्ये याचे सर्वांत ठळक फळ कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात दिसते. महाविद्यालयीन क्रीडासंघटना ‘एनसीएए’ने १९८२ मध्ये महिलांची पहिली टेनिस स्पर्धा घेतली आणि सांघिक विजेतेपद स्टॅनफर्डने पटकावले. फ्रँक ब्रेनन यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ ते १९९१ अशी सलग सहा विजेतेपदे आली. त्यांच्यानंतर सूत्रे हाती घेणाऱ्या लेले फोरूड याच विद्यापीठाच्या माजी खेळाडू. दोघांच्याही नावावर प्रत्येकी दहा विजेतेपदे आहेत. घरच्या कोर्टवर तर या संघाने सलग १८४ लढती जिंकल्या.

तरीही कस लागला तो २०१८ मध्ये. मानांकन अवघे पंधरावे. दुहेरीचा एक आणि एकेरीचे सहा अशा सात गुणांच्या अंतिम लढतीत व्हँडरबिल्टशी ३-३ अशी बरोबरी झाली. उरलेल्या एकमेव कोर्टवर स्टॅनफर्डच्या मेलिसा लॉर्डने निर्णायक गुण मिळवला. पुढच्याच वर्षी विसावे विजेतेपद आले.

याच महाविद्यालयीन व्यवस्थेत, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून, महाराष्ट्राची ऋतुजा भोसलेही खेळली. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले.