वर्ध्याचा चिखल, आयगरचा बर्फ आणि लोखंडी दात

वर्ध्यात वाढलेल्या माणसाने बर्फावर चालायच्या लोखंडी दातांवर लिहावं, हा तसा आगाऊपणाच. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. पण घसरणं आम्हाला चांगलं ठाऊक आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वावरात चार पावलं टाका, चपलेखाली वीतभर जाड ढेकूळ तयार होतं आणि मग चप्पल कितीही खाचांची असो, पाय सरकतोच.

हे आठवायचं कारण म्हणजे मिशन शौर्य. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम. त्यांचं प्रशिक्षण ऑगस्ट 2017 मध्ये सुरू झालं, आणि ते वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असं होत गेलं. त्या यादीत आपल्या गावाचं नाव वाचून मी खुर्चीतच ताठ बसलो. वर्ध्यात अंगात दम आणता येतो, दोरावर हात बसवता येतो. पण बुटाला क्रॅम्पॉन बांधून चालायला बर्फच लागतो. म्हणजे या मुलांना काही महिन्यांत पाय टाकायचीच नवी रीत शिकावी लागली असणार. ती रीत माणसाला कशी सापडली, तीच ही गोष्ट.

गोष्ट जुनी आहे. योसियास झिमलर या झ्युरिकच्या विद्वानाने 1574 मध्ये आल्प्सवर लॅटिन पुस्तक लिहिलं, त्यात तळव्याला बांधायच्या लोखंडी काट्यांचं वर्णन आहे. पण गिर्यारोहण हा खेळ झाला तेव्हा मात्र या काट्यांना मान मिळाला नाही. तळाला खिळे ठोकलेले बूट घालायचे आणि कुऱ्हाडीने बर्फात एकेक पायरी खोदत जायचं, ही खरी मर्दुमकी. काटे लावणं म्हणजे लबाडी!

हे चित्र बदललं ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज इंजिनियरने (इंजिनियरच तो, शेवटी आपलाच माणूस :)). 1902 मध्ये के-टू वर गेलेल्या मोहिमेचा हा नेता. 1908 च्या सुमारास त्याने दहा दातांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा मांडला आणि इटलीतल्या कूरमायरचा लोहार हेन्री ग्रिव्हेल याने ते घडवले. त्यात मुख्य गोष्ट दातांची संख्या नव्हती. सगळे दात एकदम बर्फात जातील असा तळवा सपाट टेकवायचा, म्हणजे अंगाचं वजन सगळ्या दातांवर येतं, ही मुख्य गोष्ट. पुढे 1929 मध्ये लोराँ ग्रिव्हेलने पुढच्या बाजूला आणखी दोन दात बसवले आणि उभ्या बर्फावर समोरासमोर चढता येऊ लागलं.

त्या दोन दातांची किंमत जुलै 1938 मध्ये आयगरच्या उत्तर भिंतीवर दिसली. कास्पारेककडे दहा दातांचे क्रॅम्पॉन होते, त्याचा जोडीदार हाइनरिख हारर तर नुसत्या खिळ्यांच्या बुटांवर. दोघं पायऱ्या खोदत चालले होते. मागून दुसऱ्या दिवशी निघालेले हेकमायर आणि फ्योर्ग यांच्याकडे नवे बारा दाती होते. त्यांनी त्याच दिवशी पुढच्या दोघांना गाठलं. मग चौघं एकत्र झाले आणि 24 जुलैला माथ्यावर पोचले. हाच हारर पुढच्या वर्षी नंगा पर्बतला आला, महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी त्याला पकडून काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. नंतर 1944 मध्ये तो देहरादूनच्या छावणीतून पळाला आणि तिबेटात गेला, ते बहुतेकांना माहीत असतंच.

आता स्कीचं. स्कीवरून डोंगर चढताना तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेअर किंवा नायलॉनची. केस मागे झुकलेले, म्हणून स्की पुढे सरकते पण मागे येत नाही. मऊ बर्फात हे झकास चालतं. पण दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठला की सकाळी वर टणक पापुद्रा असतो. उतारावरून आडवं जाताना तिथे पट्टी टेकतच नाही, नुसती कड घासते. त्यासाठी स्की क्रॅम्पॉन: मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी खाली आलेली दातेरी पात. जर्मनमध्ये त्याला 'हार्शआयझन' म्हणतात, म्हणजे पापुद्र्याचं लोखंड.

माझी फजिती इथेच झाली. मार्चमधली सकाळ, गुलमर्गच्या वरचा उतार. स्की भाड्याची, क्रॅम्पॉन मित्राचे. ते बॅगेच्या तळाशी. पाय सरकायला लागल्यावर बाहेर काढले, तर स्की मध्यावर 100 मिमी रुंद आणि क्रॅम्पॉन 90 चा! बसणार कसा? खाली शंभरेक मीटर गुळगुळीत उतार, आणि मी एका काठीवर भार देऊन उभा. गाईडने टाचेने पायऱ्या पाडल्या, स्की काढून एकेक पाऊल मागे आलो. घाम फुटला होता, तोही थंडीत.

तेव्हा आजोबा आठवले. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका खुराला दोन नाल लागतात. आजोबा नालबंदाला म्हणायचे, "आधी खूर पाह्य ना बाप्पा, मंग नाल काढ." मी आधी नाल घेतली होती.

तर शिकलो ते असं. स्की मध्यावर मोजायची आणि क्रॅम्पॉन तिच्यापेक्षा दोन-चार मिलिमीटरच रुंद घ्यायचा. फार रुंद असला तर डुगडुगतो, वाकतो. आपल्या बाइंडिंगला तो अडकतो का, हे घरीच बघायचं. बुटाबरोबर उचलला जाणारा असेल तर टाचेखालची उंच खुंटी पाडायची, नाहीतर दात अधांतरी राहतात. स्की कडेवर झुकवायची नाही, सपाट टेकवायची (एकेनस्टाइनचाच धडा!). पाऊल ओढायचं नाही, उचलून ठेवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सपाट जागेवर, गरज पडायच्या आधी लावायचे. पुढे निव्वळ काच-बर्फ असेल तर स्की पाठीवर, पायात नेहमीचे क्रॅम्पॉन, हातात कुऱ्हाड.

एक शेवटची गंमत. ओल्या बर्फात पायातल्या क्रॅम्पॉनच्या दातांमध्ये बर्फाचा गोळा बसतो आणि दात जमिनीला लागतच नाहीत. अनुभवी माणसंही याने घसरून गेली आहेत. म्हणून आता तळाशी प्लॅस्टिक किंवा रबराची पट्टी असते, तरी मधूनमधून कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून गोळा पाडावा लागतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्या वावरात दर दहा पावलांवर थांबून धुऱ्याच्या दगडावर चप्पल आपटायची, ते दुसरं काय होतं?

त्या पाच जणांना हे कुणी वेगळं शिकवायची गरज पडली असेल असं वाटत नाही. असो.