रक्ताचा माग : अपस्मार, व्हेगस चेता आणि शंभर वर्षांचा फेरा

१/ इ.स. १८८० चे दशक, न्यूयॉर्क. जेम्स लिओनार्ड कॉर्निंग हा तिशीही न गाठलेला चेतारोगतज्ज्ञ एक विलक्षण उपकरण घडवतो. त्याच्या दोन टोकांनी मानेतील कॅरोटिड धमन्या दाबायच्या आणि त्याच वेळी त्वचेवरून वीज सोडून तेथूनच जाणारी व्हेगस चेता उत्तेजित करायची. हेतू एकच, अपस्माराचा झटका थांबवणे.

२/ या खटाटोपामागे त्या काळाला पटणारा तर्क होता. मेंदूत रक्ताचा अतिरेक झाला की झटका येतो, अशी कॉर्निंगची धारणा होती. धमन्या दाबल्या की मेंदूकडे जाणारे रक्त घटेल; व्हेगस चेतवली की हृदयाची गती मंदावेल आणि रक्ताचा जोर ओसरेल.

३/ वैद्यांच्या हाती तेव्हा फारसे काही नव्हते. १८५७ पासून ब्रोमाइड हाच मुख्य आधार होता; फिनोबार्बिटल यायला १९१२ साल उजाडले. कॉर्निंगने यशाचे दावे केले, परंतु इतरांना तसा अनुभव आला नाही. रुग्णांना चक्कर येई, नाडी मंदावे. उपकरण अडगळीत गेले आणि कल्पना विस्मृतीत.

४/ धागा पुन्हा जुळला तो वेगळ्याच वाटेने. १९३८ मध्ये बेली आणि ब्रेमर यांनी मांजराची व्हेगस चेता उत्तेजित केली, तेव्हा मेंदूच्या विद्युत्-आलेखात बदल दिसले. व्हेगस केवळ हृदयाला व जठराला हुकूम पोहोचवणारी चेता नव्हे. मानेतील तिचे बहुसंख्य तंतू शरीराची वार्ता वर, मेंदूकडे नेतात. म्हणजे मानेतून मेंदूपर्यंत जाण्याची वाट आधीपासूनच अस्तित्वात होती.

५/ १९८५ मध्ये फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठाच्या जेकब झाबारा यांनी याच वाटेने कुत्र्यांमधील कृत्रिम झटके रोखता येतात, असे दाखवले. १९८८ मध्ये अमेरिकेतील विन्स्टन-सेलम येथे पहिल्यांदा माणसाच्या शरीरात असे यंत्र बसवले गेले. छातीच्या त्वचेखाली विद्युत्स्पंद निर्माण करणारी डबी आणि तिथून मानेतील डाव्या व्हेगसभोवती गुंडाळलेली तार. डावीच का? हृदयाची लय ठरवणाऱ्या गाठीशी उजव्या व्हेगसचा संबंध अधिक निकटचा असतो. सर्वसाधारणपणे ३० सेकंद उत्तेजन, मग ५ मिनिटे विश्रांती, असा क्रम रात्रंदिवस चालू राहतो.

६/ १९९४ मध्ये युरोपात आणि १९९७ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. अपस्माराच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. हा उपचार त्यांच्यासाठी होता. यश मात्र मर्यादित. एका मोठ्या चाचणीत तीव्र उत्तेजन मिळालेल्या गटाचे झटके सरासरी २८ टक्क्यांनी घटले, तर सौम्य उत्तेजनाच्या गटाचे १५ टक्क्यांनी. काहींचे आयुष्य पालटले, काहींना काहीच लाभ झाला नाही. असे का, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

७/ उत्तर शोधायचे तर जिवंत मेंदूत डोकावणे भाग होते. एमआरआयच्या प्रचंड चुंबकात शरीरातील तार तापण्याचा धोका. म्हणून प्रथम पेट स्कॅन पुढे आला. रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी ऑक्सिजन-१५ असलेले पाणी सोडायचे. मेंदूच्या ज्या भागात रक्त अधिक, तिथे खूण अधिक. हा ऑक्सिजन अवघ्या दोन मिनिटांत निम्मा उरतो, त्यामुळे तो जागीच तयार करून तत्काळ वापरावा लागतो.

८/ १९९८ मध्ये थॉमस हेन्री आणि सहकाऱ्यांनी १० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तेजनाच्या काळात दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसमध्ये रक्तप्रवाह वाढला होता. हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला या, जिथून अनेकदा झटके उगम पावतात त्या भागांत तो घटला होता. मानेतील स्पंद मेंदूच्या अंतर्भागात नेमका कुठे पोहोचतो, हे आता चित्रात दिसत होते.

९/ पुढच्याच वर्षी त्याच चमूने आणखी एक दुवा मांडला : ज्यांच्या थॅलॅमसमधील रक्तप्रवाह अधिक वाढला, त्यांचे झटके पुढे अधिक घटले. थॅलॅमस ही मेंदूभर पसरणाऱ्या संदेशांची चावडी. झटका पसरतो तोही बहुधा तिच्याच वाटांनी. मात्र अभ्यासलेले रुग्ण होते अवघे ११. यंत्र बसवण्याआधीच कोणाला लाभ होईल हे खात्रीने सांगणे या चित्रांनाही साधलेले नाही. शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या कुटुंबासाठी खरा प्रश्न तोच आहे.

१०/ आता पुन्हा कॉर्निंगकडे. व्हेगस, वीज, मेंदूतील रक्त : तिन्ही शब्द त्याच्याकडे होते. म्हणून त्याला ‘काळाच्या पुढचा द्रष्टा’ म्हणण्याचा मोह होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो टाळावा. त्याच्या लेखी रक्त हे रोगाचे कारण होते आणि ते सरसकट कमी करायचे होते. पेट स्कॅनमधील रक्त केवळ खूण आहे. कुठे चेतापेशी अधिक राबतात आणि कुठे शांत होतात, ते सांगणारी. शिवाय ते सगळीकडे घटत नाही. कुठे वाढते, कुठे ओसरते.

११/ शब्द तेच राहतात, त्यांचा अर्थ पालटतो. जुन्या ग्रंथात आजची संज्ञा भेटली की आजचे ज्ञानही तिथेच होते असे मानण्याची घाई होते. कॉर्निंगने योग्य चेता निवडली, पण चुकीच्या कारणासाठी. ते कारण चुकीचे होते हे उमगायला अनेक पिढ्यांचे कष्ट लागले. मांजराच्या मेंदूवरील आलेखापासून माणसाच्या थॅलॅमसच्या चित्रापर्यंतचे. इतिहास घडला आहे तो या मधल्या अंतरात.