मातुःश्री राधाबाईंची उत्तरयात्रा

आगगाडी येण्यापूर्वीं दक्षिणेंतून काशीस जाणें हें एकट्यादुकट्याचें काम नव्हतें. वाटेंत चोरांचें भय, नद्यांचे अवघड उतार, नाक्यानाक्यांवरील जकाती आणि तीर्थावरील कर, यांतून निभावून जाण्यासाठीं यात्रेकरू संघ करून निघत. घरचा निरोप घेतांना परत येण्याचा भरंवसा कोणीच देत नसे. अशा संघांपैकीं एकाला मराठ्यांच्या राजकारणांत विशेष स्थान आहे. तो संघ म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या मातुःश्री राधाबाई यांचा. १४ फेब्रुवारी १७३५ रोजीं त्यांनीं पुणें सोडलें.

काळ मोठा विलक्षण होता. माळव्याच्या चौथाईसाठीं होळकर व शिंदे यांच्या फौजा राजपुतान्यांत बादशाही सरदारांशीं झुंजत होत्या. आणि त्याच बादशाहीच्या मुलखांतून पेशव्यांची आई तीर्थें करीत जाणार होती. एखाद्या सुभेदारानें संघ अडविला असता तर बाजीरावांचे हात बांधले गेले असते. तरीही संघ निघाला. पुत्राच्या दराऱ्याइतकाच रजपूत राजांच्या शब्दावरही हा विश्वास होता.

संघाचा मार्ग तापीकांठच्या बऱ्हाणपुरावरून गेला. फारुकी सुलतानांनीं वसविलेलें व पुढें मोगलांचें दक्षिणेंतील ठाणें झालेलें हें शहर. याच ठिकाणीं १६३१ सालीं मुमताज महालचा अंत झाला, आणि १६६७ सालीं मिर्झा राजे जयसिंगही येथेंच मरण पावले. त्यांची छत्री तेथें आहे. शिवाजी महाराजांस पुरंदरचा तह करावयास लावणारे ते हेच. आतां त्यांचेच वंशज सवाई जयसिंग जयपुरास पेशव्यांच्या मातुःश्रींचें स्वागत करणार होते. अडुसष्ट वर्षांत काळ किती फिरला होता !

मार्च महिन्यांत संघानें नर्मदा ओलांडली. त्याच महिन्यांत बादशहाचा सेनापति खानदौरान यानें माळव्याबद्दल सालीना बावीस लाख रुपये देण्याचें कबूल केलें. मे महिन्यांत उदयपुरास महाराणा जगत्‌सिंगांनीं राधाबाईंचा मोठा सन्मान केला. पुढें सवाई जयसिंगांनीं जयपुरास त्यांचा आदरसत्कार केला. नवें जयपूर शहर वसण्यास आरंभ होऊन तेव्हां आठच वर्षें झालीं होतीं. जयसिंग हे बादशहाचे सुभेदार. परंतु मराठ्यांशीं सामोपचारानें वागावें, या मताचे होते. आणखी आश्चर्य महंमदखान बंगषाचें. १७२९ सालीं जैतपुरास बाजीरावांनीं व छत्रसालांनीं त्याला कोंडून शरण आणलें होतें. तरी त्यानेंही या यात्रेंत सौजन्यच दाखविलें. रणांतील वैर त्यानें एका वृद्ध मातेच्या वाटेंत आणलें नाहीं.

यमुनेकांठची मथुरा व पुढें प्रयाग करून ऑक्टोबरांत संघ काशीस पोंचला. काशी मराठी माणसाला परकी नव्हती. पैठणच्या घराण्यांतील नारायणभट्टांच्या प्रेरणेनें सोळाव्या शतकांत विश्वेश्वराचें मंदिर पुन्हां उभें राहिलें होतें. तें १६६९ सालीं औरंगजेबाच्या हुकुमानें पाडलें गेलें. राधाबाईंस त्या जागीं भव्य मंदिर दिसलें नाहीं. नदीकांठींही आज दिसणारे घडीव दगडी घाट बहुतेक नव्हतेच. काशीहून गयेस जाऊन, फल्गूच्या तीरीं श्राद्धें उरकून संघ मागें वळला, आणि १७३६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यास पोंचला.

या यात्रेचें फळ पुण्यापुरतें राहिलें नाहीं. आईला मिळालेला मान हा उत्तरेच्या मनाचा अंदाज होता. १७३६ च्या आरंभीं बाजीराव स्वतः उदयपुरास गेले व पुढें जयसिंगांना भेटले. दुसऱ्याच वर्षीं त्यांची फौज दिल्लीच्या वेशीशीं उभी राहिली.

काशीपुरतें बोलावयाचें तर पुढील शंभर वर्षांत गंगेचा कांठ मराठी द्रव्यानें बांधून निघाला. पेशव्यांच्या गुरुस्थानीं असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांचा दुर्गाघाट, भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट हे त्याचे साक्षी आहेत. अहिल्याबाईंनीं विश्वेश्वराचें मंदिर पुन्हां उभारलें, तें १७८० सालीं पुरें झालें. नावेंत बसून आजचा यात्रेकरू जी घाटांची रांग डोळे भरून पाहतो, तिच्यांतील पुष्कळसा भाग राधाबाईंना पाहावयास मिळाला नाहीं. मात्र ती वाट निर्भयपणें चालतां येते, हें त्यांनीं आधीं दाखवून दिलें होतें.