निकाहची खारीक

आजचा विषय मला एका माजी विद्यार्थ्यानं दिला. रत्नागिरीकडचं कोकणी मुसलमान घर, बहिणीचं लग्न ठरलेलं. पाहुण्यांच्या हातात निकाहनंतर काय द्यायचं यावरून घरात दोन तट. मुलीला चॉकलेटचे डबे हवेत, आजी म्हणते खारीकच पाहिजे. त्यानं फोन केला आणि विचारलं, "सर, यात धर्माचं किती आणि रिवाजाचं किती?" प्रश्न नेमका होता. मी म्हटलं, दोन दिवस दे.

तर धर्मापासून सुरुवात करू. लग्नाची मेजवानी, म्हणजे वलीमा, ही पैगंबरांची सुन्नत मानली जाते. पाहुण्यांना अमुकच मिठाई द्या असा नियम मात्र नाही. हिजरी 7, म्हणजे इसवी सन 628 मध्ये, खैबरच्या मोहिमेनंतर पैगंबरांचा सफियांशी विवाह झाला. परतीच्या वाटेवर वलीमा झाला, त्यात मांस-रोटी नव्हती. कातडी दस्तरखान पसरलं आणि त्यावर खजूर, तूप आणि सुकवलेलं दही आलं. प्रवासात जे जवळ होतं ते. अरबस्तानात खजूर हे रोजचं अन्न, आपल्याकडे जशी भाकरी. ते समुद्र ओलांडून इकडे आलं आणि लग्नाचा मेवा झालं.

आता 'उधळणं' बघा. अरबीत त्याला 'निथार' म्हणतात, फारसी-उर्दूत तोच शब्द 'निसार' झाला. जहांगीराच्या टांकसाळीतून खास उधळण्यासाठी लहान चांदीची नाणी निघत, आणि त्यातल्या अनेकांवर 'निसार' हाच शब्द कोरलेला असे. बादशाह चांदी उधळतो, सामान्य माणूस खारीक. निकाह झाला की छुहारे उधळायचे आणि पोरांनी झडप घालायची, ही उत्तर हिंदुस्थानातली आणि दख्खनेतली जुनी गंमत. धर्मशास्त्र्यांनी यावरही वाद घातला आहे बरं का! हनफी परंपरेनं मोकळीक दिली. इमाम शाफिईंचं म्हणणं असं, की निषिद्ध नाही, पण न केलेलं बरं. लोक एकमेकांच्या हातातून ओढून घेतात, ते शोभत नाही. दख्खनेतले बहुतेक मुसलमान हनफी, कोकणी मुसलमान शाफिई. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पण खारीकच का? ओला खजूर का नाही? इथे मला खरी मजा वाटते. खारीक म्हणजे नुसता वाळलेला खजूर नव्हे. ओमानमध्ये 'मबसली' नावाची जात आहे. तिची फळं पिवळी, कडक असतानाच उतरवतात, तांब्याच्या मोठ्या कढयांत उकळतात आणि मग कित्येक दिवस उन्हात पसरतात. हा माल शतकानुशतकं हिंदुस्थानच्या बंदरांत उतरत आला. सिंधमध्ये खैरपूर-सक्करकडेही असंच करतात. तिथे काढणीच्या वेळी पाऊस गाठतो, झाडावर पूर्ण पिकायची वाट बघितली तर फळ कुजतं, म्हणून आधीच उतरवून उकळायचं. अशी उकळलेली खारीक चिकटत नाही, फुटत नाही, महिनोन् महिने टिकते. उधळायला आणि मोजून वाटायला याहून सोयीची वस्तू कुठली? पेढा उधळून बघा!

आणि ही खारीक फक्त निकाहला लागत नाही. तुमच्याआमच्या घरात ओटी भरताना काय असतं? तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, बदाम आणि खारीक. महाराष्ट्रात खजुराच्या बागा पूर्वापार नव्हत्या. म्हणजे ओटीतली खारीकसुद्धा गलबतातूनच आली. मुंबईत मशीद बंदरला खारेक बाजार आहे. तिथल्या एकाच पोत्यातली खारीक पुण्याच्या ओटीत जाते आणि भेंडीबाजारातल्या निकाहच्या पुडीतही. आपण एकमेकांच्या चालीरीती वेगळ्या म्हणून मोजतो, वाणी मात्र एकाच तराजूवर तोलतो.

राजकारणाचा धक्काही दोघांना एकदमच बसला. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारतानं पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क लावलं. आपल्या बाजारातली बरीचशी खारीक तोवर सिंधमधून वाघ्यामार्गे येत होती. भाव चढले, आणि चढलेला भाव ओटीलाही लागला, निकाहलाही. शुल्क लावणाऱ्याच्या डोक्यात ओटी असेल असं मला वाटत नाही.

पुडीतल्या इतर जिनसांबद्दल थोडक्यात. खडीसाखरेला उर्दूत 'मिसरी' म्हणतात, म्हणजे मिस्रची, इजिप्तची. गंमत अशी, की साखरेचं तंत्र इकडून तिकडे गेलं. संस्कृत 'खंड'चा अरबीत 'कंद' झाला. लेबनॉन-सिरियाकडे साखरेचं कवच चढवलेले बदाम वाटतात, त्यांना 'मुलब्बस' म्हणतात. शब्दशः, कपडे घातलेले.

चॉकलेटबद्दल मला आकस नाही. पण व्यावहारिक अडचणी आहेत. लग्न मे महिन्यातलं, रत्नागिरीतलं. चॉकलेट मांडवातच वितळणार. शिवाय आत काय भरलंय, जिलेटिन कशाचं, दारूचा अर्क आहे का, हे डब्याडब्यावर वाचत बसावं लागतं. खारकेला लेबल लागत नाही.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं आणि वर म्हटलं, आजी धर्म म्हणून अडून बसल्या असतील तर ते बरोबर नाही. रिवाज म्हणून अडल्या असतील तर त्यांचं ऐका. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. पुडीत खारीक, खडीसाखर आणि दोन-दोन बदाम असं ठरलं. मुलीनं पुडीचं कापड आपल्या पसंतीचं घेतलं आणि पोरांसाठी चॉकलेट वेगळं ठेवलं. उधळण्याचं विचारलं, तर आजीच म्हणाल्या म्हणे, "आपल्यात उधळत नाहीत, हातात द्यायची."

त्यांना इमाम शाफिईंचं मत कोणी वाचून दाखवलं नव्हतं.