अकरावीचे विषय : टक्केवारीपेक्षा कल महत्त्वाचा

दहावीचा निकाल लागला की घराघरांत पहिला प्रश्न टक्केवारीचा असतो आणि दुसरा महाविद्यालयाचा. विषय कोणते घ्यायचे, हा प्रश्न बहुधा तिसऱ्या क्रमांकावर येतो आणि प्रवेश अर्जाच्या घाईत उरकला जातो. वास्तविक महाविद्यालय दोन वर्षांपुरते असते. विषयांच्या निवडीचे परिणाम मात्र दीर्घकाळ टिकतात. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली. अर्ज भरणे त्यामुळे सुटसुटीत झाले असले, तरी निवडीची जबाबदारी विद्यार्थी आणि पालकांवरच आहे.

सहा विषयांची मांडणी

राज्य मंडळाच्या बारावीला प्रत्येकी १०० गुणांचे सहा प्रमुख विषय असतात. इंग्रजी अनिवार्य, दुसरी भाषा किंवा तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञानासारखा विषय आणि उरलेले चार ऐच्छिक. वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन यांच्या जोडीला गणित घ्यायचे की चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय पुष्कळ ठिकाणी असतो. विज्ञान शाखेत खरा पेच गणित व जीवशास्त्राचा. दोन्ही घेता येतात. परंतु त्यानंतर दोन वेगवेगळ्या प्रवेश परीक्षांची तयारी एकाच वेळी करावी लागते. केवळ 'दोन्ही दारे उघडी राहावीत' म्हणून घेतलेला चौथा विषय अनेकदा इतर तिन्ही विषयांचा वेळ खातो.

कोणत्या वाटेला कोणता विषय?

निवड करताना अभ्यासक्रमाच्या पात्रतेपासून मागे येणे श्रेयस्कर ठरते. 'जेईई मेन'चा अभियांत्रिकीचा पेपर आणि राज्याच्या सीईटीचा पीसीएम गट भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांवर आधारलेले आहेत. वैद्यकीय शाखेच्या 'नीट'साठी गणिताची जागा जीवशास्त्र घेते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला गणित वा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी पुरते. हवाई दल व नौदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. विधी शाखेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, सनदी लेखापाल परीक्षा आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची पदवी यांसाठी शाखेचे बंधन नाही. यांपैकी एखादे ध्येय निश्चित असेल, तर केवळ 'सुरक्षित' म्हणून विज्ञान घेण्याचे कारण उरत नाही.

विषय कागदावर असणेही पुरेसे नसते. वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत उत्तीर्ण होणे आवश्यक असते. न झेपणारा विषय त्यामुळे पात्रतेवरच घाला घालू शकतो.

टक्के म्हणजे कल नव्हे

दहावीच्या गणितात ९५ गुण मिळणे आणि गणिताची ओढ असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरावाने गुण मिळवता येतात. पण अकरावीत अभ्यासक्रमाची खोली एकदम वाढते आणि तेथे ओढच कामी येते. कोणता अभ्यास कुणी न सांगता केला जातो, कोणते पुस्तक कंटाळा न येता वाचले जाते, कोणता प्रश्न सुटेपर्यंत सोडवत नाही, याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे. अभिक्षमता चाचणीची मदत जरूर घ्यावी. मात्र तिचा निष्कर्ष हा सल्ला असतो, निवाडा नव्हे. अकरावीची क्रमिक पुस्तके आणून प्रत्येक विषयाचे एखादे प्रकरण वाचून पाहणे, हा साधा उपायही पुष्कळ काही सांगून जातो.

पालकांची भूमिका

मित्राने घेतले, शिकवणी वर्गाचे शुल्क आधीच भरले, नातलगांत सारेच अभियंते आहेत, ही विषय निवडण्याची कारणे होऊ शकत नाहीत. पालकांनी पात्रतेचे नियम, खर्च आणि पर्याय यांची माहिती गोळा करावी. निर्णयाचा शेवटचा शब्द मात्र अभ्यास करणाऱ्याचा असावा. मुलाने वा मुलीने नकार दिल्यास त्यामागे भीती आहे की खरीच नावड, हे शांतपणे विचारून घ्यावे. भीती असेल तर शिक्षकांच्या मदतीने ती दूर करता येते. नावडीवर दोन वर्षे रेटणे अवघड असते.

निवड चुकली तर?

चूक लवकर लक्षात येणे महत्त्वाचे. पहिल्या काही आठवड्यांतच विषय जड जात असल्याचे जाणवल्यास महाविद्यालयाकडे विषयबदलाची चौकशी विनाविलंब करावी. बारावीनंतरही सारेच संपत नाही. जीवशास्त्र न घेता बारावी झालेल्यांना तो अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होऊन 'नीट' देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये दिली. तंत्रनिकेतनाची पदविका आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था या वाटाही दहावीनंतर खुल्या असतात. तथापि उशिरा बदललेल्या वाटेची किंमत वर्षांत मोजावी लागते. ती टाळायची, तर अर्ज भरण्यापूर्वीचे चार दिवस टक्केवारीच्या तुलनेत न घालवता विषयांच्या विचारात घालवावेत.